मारधाडीचा हंगाम आणि आर्णीचा प्रेक्षक

उन्हाळी सुट्ट्यांचा मुहूर्त साधून, अफाट खर्चाने आणि तितक्याच मोठ्या जाहिरातीने एकाच दिवशी हजारो पडद्यांवर उतरवल्या जाणाऱ्या मारधाडपटांना वृत्तपत्रांच्या भाषेत ‘समर ब्लॉकबस्टर’ म्हणतात. या प्रकाराचा जन्म अमेरिकेतल्या एका अगदी व्यावहारिक सोयीतून झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली चित्रपटगृहे उन्हाळ्यात ओस पडत, कारण बंद सभागृहातला उकाडा कोणाला सोसवत नसे. 1925 साली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात कॅरियर यांची वातानुकूलन यंत्रणा बसली आणि ज्या ऋतूत लोक चित्रपटगृह टाळत, त्याच ऋतूत ते थंडाव्यासाठी तिथे येऊ लागले. पुढे 20 जून 1975 रोजी ‘जॉज’ हा चित्रपट चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकदम लागला, त्याआधी दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा मारा झाला, आणि 25 मे 1977 रोजी आलेल्या ‘स्टार वॉर्स’ने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले. उन्हाळा हा मोठ्या चित्रपटांचा हंगाम ठरला तो असा, यंत्राने केलेला गारवा, शाळांच्या सुट्ट्या आणि जाहिरातीचा पैसा या तिन्हींच्या मेळातून.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीचा उन्हाळा या हिशेबात बसत नाही. अरुणावतीच्या काठावरचे हे तालुक्याचे गाव नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे ते पंचक्रोशीबाहेरही ओळखले जाते, आणि जिल्ह्याचे ठिकाण तिथून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. मे महिन्यात या भागात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, दुपारी रस्ते रिकामे होतात आणि घराघरांतल्या कूलरमध्ये पाणी भरणे हे नित्याचे काम होऊन बसते. उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात तेव्हा विदर्भातल्या शाळांना उन्हापायी आणखी आठवडा-पंधरवडा सुट्टी मिळते, म्हणजे मुलांच्या बाजूने पाहिले तर हा हंगाम इथे जास्तच लांब आहे. पैशाच्या बाजूने मात्र तो आखूड आहे. कापूस आणि सोयाबीन विकून आलेली रक्कम मार्चपर्यंत देण्याघेण्यात वाटली गेलेली असते, एप्रिल-मे लग्नसराईत जातात, आणि मृगाच्या आधी बियाणे व खते यांसाठी पैसा राखून ठेवावा लागतो. ‘उन्हाळ्यात लोकांकडे वेळ आणि पैसा दोन्ही असतात’ हे मुंबईच्या निर्मात्याने अमेरिकेकडून उसने घेतलेले गृहीतक कापसाच्या पट्ट्यात निम्मेच खरे ठरते.

हिंदी चित्रपटसृष्टीने हे गृहीतक कधी पूर्णपणे मानलेही नव्हते, कारण तिचे मोठे मुहूर्त सणांना बांधलेले आहेत. रमजान ईदचा मुहूर्त त्यांतला एक. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी तितकीच मागे सरकते. 2022 साली ती मेच्या आरंभी, 2023 साली एप्रिलच्या उत्तरार्धात, 2024 साली 11 एप्रिलला आणि 2025 साली मार्चच्या शेवटच्या दिवशी आली. याचा परिणाम असा की काही वर्षे ईदचे चित्रपट आणि उन्हाळी चित्रपट एकच होऊन गेले, आणि आता ते पुन्हा वेगळे होऊ लागले आहेत. त्यातच 2008 पासून इंडियन प्रीमियर लीगचे क्रिकेट सामने बहुतेक वर्षी मार्च-एप्रिलपासून मेअखेरपर्यंत रोज संध्याकाळी दूरचित्रवाणी अडवून बसतात, आणि भर उन्हाच्या प्रदेशात चित्रपट पाहण्याजोगी वेळही तीच असल्यामुळे वितरकाची कोंडी दुहेरी होते.

वितरणाची जुनी रचना समजून घेतल्याशिवाय आर्णीसारख्या गावातल्या प्रेक्षकाची आवडनिवड नीट उलगडत नाही. भारतातला चित्रपट-व्यवसाय ‘सर्किट’ नावाच्या विभागांत वाटलेला आहे. सर्किट म्हणजे ज्या भूप्रदेशातले प्रदर्शनाचे हक्क एकत्र विकले जातात तो प्रदेश. हे विभाग आजच्या राज्यांच्या सीमांप्रमाणे नसून इंग्रजी अमदानीतल्या प्रांतांप्रमाणे आहेत, म्हणूनच विदर्भ हा मुंबई सर्किटमध्ये न मोडता ‘सीपी बेरार’मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात मोडतो. सीपी बेरार हा प्रांत नकाशावरून 1950 साली गेला, परंतु चित्रपटाच्या हिशेबवह्यांत तो अजून जिवंत आहे आणि या भागातल्या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे मुख्यालय भुसावळला आहे. हिंदीच्या बाजारपेठेशी असलेल्या या जुन्या जोडणीमुळे यवतमाळ, अमरावती, अकोला या जिल्ह्यांत मारधाडपट मुख्यतः हिंदीतच पाहिला गेला, मग तो मुळात मुंबईचा असो, हैदराबादचा असो की हॉलिवूडचा. घरात वऱ्हाडी, गोरबोली, कोलामी किंवा उर्दू बोलणाऱ्या प्रेक्षकांना पडद्यावरची हिंदी ही सर्वांची सामाईक भाषा वाटते. 1994 साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला आणि परदेशी भव्यपटांनाही हे दार खुले झाले.

पूर्वी या सर्किटातल्या लहान गावांपर्यंत नवा चित्रपट पोचायला महिने लागत. रिळांच्या एका प्रतीला अर्ध्या लाखाहून अधिक खर्च येई, त्यामुळे मोजक्याच प्रती निघत, त्या आधी मोठ्या शहरांत फिरत आणि पेट्या तालुक्याच्या गावी येईपर्यंत चित्रपटावर ओरखडे आणि त्याच्या कथेवर चर्चा दोन्ही उमटून गेलेली असत. 2005 च्या सुमारास संजय गायकवाड यांच्या यूएफओ मूव्हीज या कंपनीने उपग्रहाद्वारे चित्रपट थेट चित्रपटगृहातल्या यंत्रावर उतरवण्याची पद्धत रुजवली आणि ही उतरंड मोडली. पहिल्याच दिवशी सर्वत्र चित्रपट लागणे आता शक्य झाले. या सुधारणेचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पूर्वी आर्णीच्या प्रेक्षकाकडे पुण्या-नागपूरच्या प्रेक्षकांनी गाळून ठेवलेला चित्रपट येत असे, टाकाऊ चित्रपटाची पेटी इतक्या लांब येतच नसे. आता पहिल्या तीन दिवसांत कमाई उरकून घेण्याच्या धोरणात लहान गावचा प्रेक्षकही तितकाच फसतो.

गेल्या काही उन्हाळ्यांतल्या भव्यपटांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर खर्च आणि परिणाम यांचे नाते किती सैल आहे हे लक्षात येते. 11 एप्रिल 2024 रोजी आलेला अली अब्बास जफर दिग्दर्शित ‘बडे मियाँ छोटे मियाँ’ हे याचे ठळक उदाहरण. अक्षय कुमार आणि टायगर श्रॉफ हे दोघे धाडसी दृश्ये स्वतः करण्यासाठी ओळखले जाणारे नट, परदेशांतली चित्रीकरणस्थळे, हेलिकॉप्टरे, स्फोट, मुखवटा घातलेला खलनायक अशी सारी सामग्री हाताशी असूनही चित्रपट कोसळला. त्यातली मारामारी वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कमकुवत आहे ते तिचे कारण. कोण कोणाला कशासाठी मारतो आहे आणि हरला तर काय गमावणार आहे, हे ठाऊक नसेल तर स्फोट कितीही मोठा झाला तरी पाहणाऱ्याच्या जिवाची घालमेल होत नाही. 2025 च्या ईदला आलेल्या ए. आर. मुरुगदास यांच्या ‘सिकंदर’बाबतही हेच घडले. तिथे तर नायकाची लोकप्रियता हेच कथेचे कारण मानून घेतलेले होते.

‘आदिपुरुष’चे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. त्याचे दिग्दर्शक ओम राऊत यांनी 2015 साली ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ आणि जानेवारी 2020 मध्ये ‘तान्हाजी’ हे चित्रपट केले होते. ‘तान्हाजी’त दृश्यपरिणामांचा, म्हणजे छायाचित्रणानंतर संगणकावर तयार करून जोडलेल्या प्रतिमांचा, मोठा वापर होता आणि तो प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. 16 जून 2023 रोजी आलेल्या ‘आदिपुरुष’मध्ये तेच तंत्र कितीतरी अधिक प्रमाणात वापरले गेले, परंतु 2022 च्या ऑक्टोबरमधल्या पहिल्या झलकीपासूनच त्याची टर उडाली, दृश्ये सुधारण्यासाठी प्रदर्शन पुढे ढकलावे लागले, आणि प्रदर्शनानंतर संवादांवर एवढा गदारोळ झाला की ते बदलावे लागले. एकाच दिग्दर्शकाच्या हातून हा फरक का पडला? ‘तान्हाजी’त संगणकाने रचलेल्या जगाला एका खऱ्या गडाचा आधार होता. कडा कुठे आहे, दरवाजा कुठे आहे, वर चढायचे आहे आणि चढून उतरायला जागा नाही, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. ‘आदिपुरुष’मधली लंका अशा काळोख्या पोकळीत उभी आहे की तिथे लांबी, उंची, अंतर कशाचाच अदमास येत नाही. (‘तान्हाजी’तली इतिहासाची मोडतोड हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. चित्रपट मारामारीच्या अंगाने उभा राहतो म्हणून तो इतिहासाच्या अंगानेही उभा राहतो असे नाही.)

जागेचे भान हा मारधाडपटाचा कणा आहे, आणि गेल्या दशकभरातल्या उत्तम मारधाडपटांनी तो जपला आहे. 2015 च्या मेमध्ये आलेला जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ हा जवळजवळ संपूर्ण चित्रपट म्हणजे वाळवंटातला एक पाठलाग आहे, त्यातले तुकडे अतिशय आखूड आहेत, तरीही कोणती गाडी पुढे आणि कोणती मागे याचा गोंधळ क्वचितच होतो. छायाचित्रकार जॉन सील यांनी महत्त्वाची हालचाल बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवली आणि संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी तुकडे जोडताना तोच मध्य सांभाळला, त्यामुळे प्रत्येक तुकड्यागणिक पाहणाऱ्याची नजर शोधाशोध करत फिरत नाही. सिक्सेल यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की मध्यभागी घडणारी गोष्ट हातातल्या मोबाइलवरही दिसते. भव्य पडद्यासाठी दृश्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात ओतलेली सैन्ये सहा इंची पडद्यावर मुंग्यांसारखी दिसतात, आणि तालुक्याच्या गावातले बरेचसे प्रेक्षक हे चित्रपट अखेरीस त्याच पडद्यावर किंवा दूरचित्रवाणीवर पाहतात, हे निर्मात्यांच्या हिशेबात क्वचितच धरले जाते.

28 एप्रिल 2017 रोजी प्रदर्शित झालेल्या एस. एस. राजामौली यांच्या ‘बाहुबली 2’ची हिंदी आवृत्ती एकटी 500 कोटी रुपयांच्या पुढे गेली, यामागे हीच स्पष्टता होती. पिंडारी चालून येतात त्या प्रसंगात बाहुबली देवसेनेला एका वेळी तीन बाण सोडण्याची युक्ती शिकवतो आणि तीच युक्ती लगेच लढाईत उपयोगी पडते. प्रेक्षकाला आधी नियम सांगायचा, मग त्या नियमावर लढाई रचायची, अशी ही पद्धत आहे. शेवटी ताडाची झाडे वाकवून सैनिक तटाच्या आत फेकले जातात ती कल्पना भौतिकशास्त्राला मुळीच मान्य होणार नाही, परंतु वाकलेले झाड सुटले की काय होते हे शेतात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही, म्हणून दृश्य अशक्य असूनही कळते. पिंडाऱ्यांच्या धुमाकुळाची आठवण मध्य भारताच्या इतिहासात ठळक आहे, त्यामुळे त्या प्रसंगाला विदर्भात एक जास्तीचा अर्थही लाभतो. 14 एप्रिल 2022 रोजी आलेला प्रशांत नील यांचा ‘केजीएफ : चॅप्टर 2’ या तुलनेत उणा आहे. त्यात नायक भल्यामोठ्या बंदुकीने पोलीस ठाण्याची चाळण करतो आणि तापून लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. हे दृश्य स्मरणात राहते, पण त्यात लढत नाही, कारण समोरच्याला जिंकण्याची शक्यताच दिलेली नाही. अशा दृश्यांना दक्षिणेत ‘एलिव्हेशन’ म्हणतात, म्हणजे नायकाला देवत्वाला चढवणारी मांडणी. एखाद-दुसऱ्या वेळी ती अंगावर काटा आणते, दर दहा मिनिटांनी आली की कंटाळा आणते. तरीही दक्षिणेच्या या चित्रपटांना यवतमाळ जिल्ह्यात जो जिव्हाळा लाभला तो अचानक आलेला नाही. हा जिल्हा तेलंगणाला लागून आहे, आणि हिंदीत भाषांतरित झालेले तेलुगू मारधाडपट दूरचित्रवाणीच्या हिंदी वाहिन्यांवर वर्षानुवर्षे दाखवले जात असल्यामुळे त्यांची रीत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली होती.

मराठी चित्रपटाची मारधाडीशी ओळख या सगळ्याहून जुनी आहे. बाबूराव पेंटर यांच्या 1920 सालच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य गाळावे लागले. त्यांच्याच 1923 सालच्या ‘सिंहगड’मध्ये, जो हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर बेतलेला होता, रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात चित्रित केले गेले आणि तरुण व्ही. शांताराम यांनी शेलारमामांची भूमिका केली. मूकपटांच्या काळात तलवारबाजीसाठी गाजलेले मास्टर विठ्ठल हेच पुढे 1931 साली पहिल्या भारतीय बोलपटाचे, ‘आलम आरा’चे, नायक झाले. म्हणजे ‘सिंहगड’मधले तानाजीच्या चढाईचे पहिले गाजलेले दृश्यरूप आणि ‘तान्हाजी’तला 2020 चा संगणकीय कोंढाणा यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. दोन्हींचा विषय एकच आणि कड्याचा चढही तोच.

आजच्या मराठी निर्मात्याकडे हिंदी चित्रपटाच्या खर्चाचा एक लहानसा हिस्साही नसतो, आणि या अडचणीतून दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटमालेने एक सूज्ञ वाट काढली. 1 जून 2018 रोजी, ऐन उन्हाळी हंगामाच्या शेवटी, ‘फर्जंद’ आला. त्याचा विषय कोंडाजी फर्जंद यांनी 60 मावळ्यांनिशी पन्हाळा घेतल्याचा आहे. त्यानंतर ‘फत्तेशिकस्त’, 2022 च्या फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आणि त्याच वर्षी 22 एप्रिलला अफझलखान प्रकरणावरचा ‘शेर शिवराज’ आला. या विषयांची निवड पाहिली तर त्यामागचा हिशेब दिसतो. साठ माणसांची मोहीम साठ माणसांतच दाखवता येते. खिंडीत एका वेळी मोजकेच लढवय्ये समोरासमोर येऊ शकतात, त्यामुळे हजारोंचे सैन्य रचण्याची गरज पडत नाही आणि तरी शत्रू मोठा आहे ही जाणीव कायम राहते. प्रतापगडाच्या पायथ्याशी 1659 साली झालेली भेट तर शामियान्यातली दोन माणसांची गोष्ट आहे, जिथे कोणाच्या अंगरख्यात काय दडले आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि क्षणाची वाट पाहणे हाच थरार असतो. गनिमी काव्याचे तत्त्व म्हणजे कमी बळाने, जागा निवडून लढायचे, आणि ते या चित्रपटांनी निर्मितीच्या खर्चालाही लावले. त्यांच्या त्रुटी लपणाऱ्या नाहीत. संवाद भाषणाकडे झुकतात, शत्रू अनेकदा व्यंगचित्रासारखा होतो, आणि संगणकावर रचलेली गडांची चित्रे कच्ची दिसतात. 27 मे 2022 रोजी आलेल्या प्रवीण तरडे यांच्या ‘सरसेनापती हंबीरराव’ने मोठ्या रणांगणाचा पट मांडायचा प्रयत्न केला, आणि जिथे पट विस्तारतो तिथेच मराठी खर्चाच्या मर्यादा उघड्या पडतात.

उन्हाळ्यातला मराठीचा सर्वांत मोठा विजय मात्र मारधाडपटाचा नाही. 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने गावोगावी गर्दी खेचली. त्यातही पाठलाग आणि हाणामारी आहे, पण सर्वांत भयंकर हिंसा पडद्याबाहेर घडते. ज्या प्रेक्षकाला ‘मसाला’च लागतो असे मुंबईत गृहीत धरले जाते, त्यानेच या चित्रपटाला गर्दी केली होती, ही गोष्ट वितरकांनी विसरण्याजोगी नाही. मराठी भव्यपटाचा नवा प्रयोग म्हणून रितेश देशमुख यांनी दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका अशा दुहेरी जबाबदारीने हाती घेतलेल्या ‘राजा शिवाजी’साठी 1 मे 2026 ही तारीख आणि मराठी-हिंदीसह सहा भाषा जाहीर झाल्या, म्हणजे महाराष्ट्रदिनाचा मुहूर्त आणि दक्षिणेचा बहुभाषिक धडा यांची सांगड घालण्याचे मराठी निर्मात्यांनीही ठरवलेले दिसते.

या हंगामाचा शेवटचा हिशेब तिकिटाच्या दरात आणि अंतरात मांडावा लागतो. आर्णी तालुक्यातल्या कुटुंबाला बहुपडदा चित्रपटगृहात जायचे तर तिकिटाइतकाच प्रवासाचा आणि मध्यंतरातल्या खाण्याचा खर्च असतो, आणि उन्हामुळे जाणे-येणे संध्याकाळनंतरच सोयीचे. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 18 टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर 28 टक्के कर होता, 2019 च्या आरंभी तो अनुक्रमे 12 आणि 18 टक्के झाला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो 5 टक्क्यांवर आला, महाग तिकिटावर मात्र 18 टक्केच राहिला. स्वस्त तिकीट मुख्यतः एकपडदा चित्रपटगृहांत मिळते, आणि ही चित्रपटगृहे देशभर भराभर बंद होत गेली आहेत, म्हणून या सवलतीचा लाभ जी उरली आहेत त्यांनाच होणार. सुमारे दीडशे कोटी लोकसंख्येच्या देशात दहा हजारांच्या आसपास पडदे असताना तीन-चारशे कोटींचे चित्रपट पहिल्या आठवड्यात वसूल करायचे म्हणजे शहरी तिकीट महाग ठेवणे ओघानेच आले. त्या दरात बसणारा प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून रचलेली मारामारी वर्षभराने आर्णीत एखाद्या घरी, कूलरच्या घरघरीत, आवाज अर्धवट ऐकू येत असताना पाहिली जाते. संवाद विरून गेल्यावरही हालचालींतून अर्थ लागणारी दृश्ये, म्हणजे ‘बाहुबली’तले तीन बाण किंवा ‘पावनखिंड’मध्ये खिंडीच्या तोंडाशी उभे असलेले बाजीप्रभू, तिथे पुन्हा पुन्हा पाहिली जातील असे वाटते. ‘बडे मियाँ छोटे मियाँ’तल्या हेलिकॉप्टरांना तो दिवस पाहायला मिळेल याची शक्यता कमी आहे.